मालवणचं स्कुबा: पाच तारे आणि एक तारा, दोन्ही खरे कसे?

पेट निघाली, सिनॉप्सिस लिहायचाय आणि गाईड म्हणतात, आधी साहित्याचा आढावा घ्या. तुम्ही दहा पेपर काढता. पाच म्हणतात हो, पाच म्हणतात नाही. मग बहुतेक जण ‘या विषयावर संशोधकांमध्ये मतभेद आहेत’ एवढं एक वाक्य टाकून पुढच्या मुद्द्यावर जातात. मला विचाराल तर आढाव्यातलं सगळ्यात आळशी वाक्य हेच.

ते का आळशी आहे, हे दाखवायला आज पेपर घेत नाही. मालवण-तारकर्लीच्या स्कुबा केंद्रांचे रिव्ह्यू घेतो. आमच्या घाटनांदूरहून समुद्र लांब, त्यामुळे कोकणात जायचं ठरलं की महिनाभर आधी पोरं मोबाईलवर हेच वाचत बसतात आणि शेवटी वैतागतात. एकाच केंद्राबद्दल एक जण लिहितो, आयुष्यातला सर्वात भारी अनुभव. दुसरा लिहितो, गढूळ पाणी, काही दिसलं नाही, पैसे वाया. यातलं खोटं कोण बोलतंय?

बहुतेक वेळा कोणीच नाही. आधी पाण्याचंच बघा. मालवणजवळ देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते. किनाऱ्यालगतच्या पाण्यात गाळ असतो, शिवाय लाटा तळाची वाळू उचलतात. भरती-ओहोटी, वारा आणि महिना बदलला की पाणी किती लांबपर्यंत दिसतं तेही बदलतं. पावसाळ्यात तर हा धंदा बंदच असतो. म्हणजे रिव्ह्यूत महिना आणि वेळ नसेल, तर तो प्रयोगाची परिस्थिती न लिहिता दिलेला आकडा झाला. असा आकडा प्रॅक्टिकलच्या वहीत लिहिलात तर सर सही करतील का?

पाण्यापेक्षा मोठा फरक लिहिणाऱ्यात असतो. ज्यानं फक्त विहिरीत, पाठीला डबा बांधून पोहणं शिकलंय, त्याला तीन मीटरवर रंगीत मासा दिसला तरी तो हरखतो. हरखायलाच पाहिजे. पण कॅरिबियन समुद्रातल्या बोनेरला जाऊन आलेला माणूस वेगळी फूटपट्टी घेऊन येतो. त्या बेटावर मोठी नदी नाही, पाण्यात गाळ कमी, तीस मीटरपर्यंत दिसणं तिथं नवलाचं नाही. १९७९ पासून तिथला समुद्र संरक्षित आहे आणि कित्येक रिसॉर्टच्या धक्क्यावरून थेट पाण्यात उतरता येतं. त्याला मालवणचं पाणी गढूळ वाटणारच. गंमत म्हणजे मतं तिथंही जुळायची नाहीत: स्वतःच्या मनानं उतरायची मोकळीक मुरलेल्या डायव्हरला आवडेल, नवख्याला तीच ‘कोणी लक्ष दिलं नाही’ अशी वाटेल.

मत्स्यशास्त्रज्ञ डॅनियल पॉली यांनी १९९५ मध्ये याच धर्तीची एक गोष्ट मांडली होती. प्रत्येक पिढी आपण सुरुवातीला पाहिलेला समुद्र हाच मूळचा समुद्र धरते आणि घट तिथून पुढे मोजते. त्यामुळे आधीची घट हिशोबातच येत नाही. त्यांचा मुद्दा पिढ्यांचा आणि माशांच्या साठ्याचा होता, आपण तो सहलीला आलेल्या माणसाला लावतोय. पण ‘कशाच्या तुलनेत?’ हा प्रश्न दोन्हीकडे तोच.

आता कानाचं. ‘कान भयंकर दुखला’ म्हणून एक तारा देणारे पुष्कळ. हे बारावीचं फिजिक्स आहे. दर दहा मीटरला साधारण एक वातावरण दाब वाढतो. पहिल्या तीन मीटरमध्येच दाब १ वरून १.३ होतो, म्हणजे कानाच्या पोकळीतली हवा जवळजवळ पाव हिश्शानं आकसते. नाक दाबून कानात हवा भरली नाही तर कळ येणारच, आणि सर्दी असेल तर हवा जातच नाही. आता दोन शक्यता वेगळ्या करा. पाहुणा सर्दी लपवून उतरला, हा केंद्राचा दोष नाही. त्यानं हातानं खूण केली तरी ट्रेनर त्याला खाली नेतच राहिला, हा मात्र गंभीर दोष आहे. दोन्हींना तारा एकच मिळतो.

म्हणून सरासरीवर माझा राग आहे. समजा एका केंद्राला ४० जणांनी पाच आणि १० जणांनी एक तारा दिला. दुसऱ्याला १० जणांनी पाच आणि ४० जणांनी चार. दोन्हींची सरासरी ४.२. प्रमाण विचलन मात्र पहिल्याचं १.६ आणि दुसऱ्याचं ०.४. पहिल्या ठिकाणी दर पाचातला एक माणूस चिडून परत जातोय, आणि पडद्यावर दोघं सारखेच दिसतात! त्यात भर म्हणजे रिव्ह्यू लिहितं कोण? हू, पावलू आणि झांग यांनी २००९ च्या लेखात ऑनलाइन रेटिंगचा आलेख इंग्रजी जे अक्षरासारखा का दिसतो ते सांगितलंय: ज्यांना आवडेल असं वाटतं तेच मुळात विकत घेतात, आणि त्यातले फार खूश किंवा फार नाराज तेवढे लिहितात. मधले गप्प बसतात. माझ्या मते तीन ताऱ्यांचे रिव्ह्यू आधी वाचावेत, कारण तीन तारे देणाऱ्याला कारण लिहावं लागतं.

इथपर्यंत सगळं मापनाचं झालं. माझा खरा आक्षेप पुढे आहे: काही गोष्टी रिव्ह्यू लिहिणाऱ्याला दिसूच शकत नाहीत. टाकीची तपासणी कधी झाली, बोटीवर माणसं किती घ्यायची, लाईफ जॅकेट सगळ्यांच्या अंगावर आहे का, यावर कोण लिहितं? २४ मे २०२२ ला तारकर्लीत स्कुबा करून परतणारी बोट उलटली आणि दोन पर्यटकांचा जीव गेला. धोका परतीच्या बोटीवर होता, आणि रिव्ह्यूंतली चर्चा पाण्याखालच्या व्हिडिओची असते. सुखरूप परतलेल्याचे पाच तारे हा सुरक्षिततेचा पुरावा नव्हे. अपघात क्वचित होतात, त्यामुळे निष्काळजी केंद्राचेही शंभर पाहुणे आनंदात घरी जाऊ शकतात.

दुसरी न दिसणारी गोष्ट प्रवाळ. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या भोवतालचा समुद्र १९८७ पासून मालवण सागरी अभयारण्य आहे, क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर. आता विचार करा. मासे जवळ यावेत म्हणून ट्रेनरनं खाऊ टाकला आणि फोटोसाठी खडकाला धरून उभं राहू दिलं, तर पाहुणा खूश. ‘हात लावायचा नाही, पाय टेकायचा नाही’ असं दरडावलं, तर तो लिहिणार, ट्रेनर उद्धट. म्हणजे ताऱ्यांच्या मागे धावणाऱ्या केंद्राला प्रवाळ तुडवू देणं परवडतं. जी चूक एकाच दिशेला झुकलेली असते, ती रिव्ह्यूंची संख्या वाढवून जात नाही. पन्नासाचे पाच हजार केलेत तरी ती तिथंच राहते.

मग निवडायचं कसं? तुमच्यासारख्याच माणसाचा, तुमच्याच महिन्यातला रिव्ह्यू शोधा. पोहता न येणाऱ्याला ट्रेनर धरून नेतो ती ओळखीची डुबकी, आणि परवाना घेऊन अठरा मीटरपर्यंत जाणाऱ्याचं डायव्हिंग, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांची मतं एका तक्त्यात भरू नका. बोट आणि जॅकेटबद्दल मात्र रिव्ह्यू वाचत बसू नका, फोन करून विचारा. तारकर्लीला पर्यटन महामंडळाची प्रशिक्षण संस्था आहे, तिथंही विचारता येईल.

आणि गढूळ की स्वच्छ, या भांडणाला १८६५ पासून एक स्वस्त उपाय आहे. अँजेलो सेक्की या इटालियन खगोलशास्त्रज्ञानं पांढरी थाळी दोरीला बांधून पाण्यात सोडली आणि ती दिसेनाशी होते ती खोली मोजली. दोरीवर दर अर्ध्या मीटरला गाठ मारली की काम झालं. एखाद्या केंद्रानं रोज सकाळी पहिल्या बोटीवरून अशी थाळी सोडून तारीख, वेळ आणि मीटर फळ्यावर लिहिले, तळापर्यंत दिसली तर ‘तळ दिसला’ असं लिहिलं, तर एका हंगामात ऑक्टोबर ते मेची नोंद तयार होईल. तुमच्यापैकी कोणी पर्यावरणशास्त्रात सिनॉप्सिस लिहीत असेल, तर हा विषय घ्या. दोरीला खर्च फार नाही.