फुफ्फुसातील ‘गाठ’ : सी. टी. अहवालाच्या मराठी अर्थाची चिकित्सा

फुफ्फुसातील लहान गाठ साधी की मारक, हे सी. टी. चित्रावरून ठरते, असे सर्रास म्हटले जाते. या वाक्यातील ‘ठरते’ हे क्रियापद तपासून घेण्याजोगे आहे. नांदुरा तालुक्यातील वडनेर भोलजीसारख्या गावचा रुग्ण खामगावास किंवा अकोल्यास जाऊन तपासणी करवून घेतो, इंग्रजी अहवाल घेऊन परततो, आणि घरातील शिकलेले माणूस त्याचा अर्थ मराठीत सांगते. अहवालातील शक्यतेच्या विधानाचे निर्णयात रूपांतर होते ते याच टप्प्यावर. हा दोष सांगणाऱ्याचा नव्हे. त्याला उपलब्ध असलेल्या शब्दांचा आहे.

यांपैकी पहिला शब्द ‘गाठ’. ‘नोड्यूल’ हे लॅटिन ‘नोडस’ म्हणजे गाठ या शब्दाच्या लघुत्वदर्शक रूपापासून आलेले. तेव्हा व्युत्पत्तीच्या दृष्टीने भाषांतर निर्दोष होय. तथापि मराठी माणसाच्या लेखी गाठ ही हाताला लागणारी वस्तू आहे. ती काखेत वा मानेत चाचपता येते. फुफ्फुसातील गाठ मात्र कोणाच्याच बोटांना लागत नाही. शिवाय लघुत्वाचा अर्थ मराठीत गळून पडतो. वैद्यकात ३० मिलिमीटरपर्यंतच्या गोलसर छायेलाच नोड्यूल म्हणतात, त्याहून मोठीस निराळे नाव आहे. मराठीत ६ मिलिमीटरची गाठ आणि ६० मिलिमीटरचीही गाठच. क्ष-किरणांच्या काळात रूढ झालेला ‘फुफ्फुसावर डाग’ हा प्रयोग त्या मानाने अधिक प्रामाणिक म्हणावा लागेल. तो निदान चित्राविषयी बोलत होता. पुढे ‘डाग’ म्हणजे क्षय असे समीकरण झाले आणि शब्दाला कलंकाचीही छटा चिकटली, ही गोष्ट वेगळी.

‘साधी’ आणि ‘मारक’ ही विशेषणांची जोडी याहून अधिक घोटाळ्याची. छायेत मेद आढळला, अथवा चुन्याचा संचय मध्यभागी, थराथरांचा किंवा लाहीसारखा असला, तर ती साधी असल्याचे बऱ्याच खात्रीने सांगता येते. कडा काटेरी असणे, चुना एका बाजूस असणे, यांनी संशय बळावतो. सिद्ध काही होत नाही. या दोहोंच्या मधला प्रदेश विस्तीर्ण आहे. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील राष्ट्रीय फुफ्फुस चाचणीत अल्पमात्रेच्या सी. टी. तपासणीचे जे निष्कर्ष ‘सकारात्मक’ ठरले, त्यांपैकी ९६.४ टक्के ठिकाणी अखेर कर्करोग निघाला नाही. इतक्या मोठ्या मध्यप्रदेशाला नाव नसलेली विशेषणव्यवस्था शास्त्राच्या कामाची नाही.

त्यातही चिन्हाचा अर्थ संदर्भाने ठरतो, हे भाषाभ्यासकांस सांगावयास नको. जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे एकचतुर्थांश भारतात आहेत. क्षयाची गाठ कधी कधी काटेरी कडांची असते, आणि पेट तपासणीतही ती कर्करोगाप्रमाणेच उजळू शकते. गाठीची मारकता वर्तविणारे एक प्रसिद्ध सूत्र २०१३ साली कॅनडातील धूम्रपान करणाऱ्यांच्या तपासणीवरून बांधले गेले. तेथील काटेरी कड आणि बुलढाणा जिल्ह्यातील काटेरी कड ही चिन्हे दिसण्यात एक असली तरी त्यांचे वजन एक नव्हे. सूत्र जसेच्या तसे उचलणे म्हणजे परभाषेतील म्हण शब्दशः उतरविण्यासारखेच आहे.

सर्वांत फसवा शब्द कदाचित ‘दुप्पट’ हा असेल. घन स्वरूपाच्या मारक गाठी साधारणतः ४०० दिवसांच्या आत दुप्पट होतात, असे वैद्य म्हणतात. येथे दुप्पट होते ते घनफळ, व्यास नव्हे. ८ मिलिमीटरची गाठ १० मिलिमीटरची झाली की घनफळ जवळजवळ दुप्पट होते. ऐकणारा मात्र १६ मिलिमीटरची कल्पना करतो, आणि १० चा आकडा पाहून निश्चिंत होतो. उलट एक मिलिमीटरचा फरक मापनातील चूकही असू शकतो, म्हणून फ्लाइश्नर सोसायटीच्या २०१७ च्या मार्गदर्शनात जोखमीनुसार ६ ते ८ मिलिमीटरच्या एकट्या घन गाठीची ६ ते १२ महिन्यांनी फेरतपासणी सुचविली आहे. या सूचनेचे ‘वाट पाहा’ असे मराठी झाले की तिला हलगर्जीपणाचा वास येतो, आणि ‘काही नाही’ असे झाले की दुसरी तपासणी होतच नाही. ‘७ मिलिमीटरची छाया, स्वरूप अनिश्चित, अमुक महिन्यात पुन्हा मोजणे’ एवढे मराठी अहवालाच्या तळाशी लिहिण्यास कोणत्याही नव्या परिभाषेची गरज नाही.