पुनर्जन्म कोणासाठी?

जुनी गाजलेली ॲनिमेशन मालिका पुन्हा काढायची ठरली की ‘नव्या पिढीसाठी’ हे शब्द जाहिरातीत हटकून येतात. गेल्या काही वर्षांत अमेरिकेत ही-मॅन, शी-रा, बॅटमॅन, एक्स-मेन असे सुपरहिरो एकामागून एक परतले. त्यांतल्या बहुतेक मालिका पाहताना मात्र जाणवते, की त्या चाळिशीतल्या जुन्याच प्रेक्षकाशी बोलत आहेत. यामागचे अर्थकारण सरळ आहे. ऐंशीच्या दशकात कार्टूनचा खर्च जाहिराती आणि खेळण्यांतून निघे. ‘ही-मॅन’ची मालिका १९८३ साली आली ती मॅटेलची खेळणी बाजारात आल्यानंतरच. खेळणी खपायची तर सतत नवी मुले गाठावी लागत. आता स्ट्रीमिंगची वर्गणी मोठी माणसे भरतात, त्यामुळे त्यांच्या आठवणी जपल्या जातात आणि मूल मागे पडते.

‘एक्स-मेन ९७’ हे याचे सर्वांत देखणे उदाहरण आहे, म्हणून ते बारकाईने तपासायला हवे. १९९२ ते १९९७ या काळात फॉक्स किड्सवर ७६ भाग चाललेल्या मालिकेची कथा ती मार्च २०२४ मध्ये पुढे नेते. एक्स-मेनचे गुरू प्राध्यापक झेवियर नाहीत इथपासून कथा सुरू होते आणि त्या पोकळीचे वजन कळायला जुना शेवट ठाऊक असावा लागतो. १९९२ची सुरुवात अगदी वेगळी होती. ज्युबिली ही साधी मुलगी मॉलमध्ये असताना सेंटिनेल हे अजस्र यंत्रमानव तिच्या मागे लागतात, एक्स-मेन तिला वाचवून आपल्या घरी नेतात आणि त्या अनोळखी घरात ती जे पाहते तेच आपणही प्रथम पाहतो. नव्या मालिकेत रोबेर्तो हा नवखा मुलगा आहे खरा, पण त्याच्यासाठी कथेला सवड नाही. चौथ्या भागात तर मालिका स्वतःच या दुखण्यावर बोट ठेवते. अठरा वर्षांची होणारी ज्युबिली जुन्या साहसांच्या व्हिडिओ गेममध्ये अडकते आणि तिचेच प्रौढ रूप तिला भूतकाळात रमू नकोस असे सांगते. त्या प्रौढ ज्युबिलीचा आवाज ॲलिसन कोर्ट यांचा, म्हणजे नव्वदच्या दशकातल्या मूळ ज्युबिलीचाच. प्रसंग फार सुंदर रचला आहे. पण तो पुरता पोहोचतो जुना आवाज ओळखणाऱ्यालाच.

यावर कोणी पाचव्या भागाचा दाखला देईल, आणि तो रास्तच आहे. जिनोशा या म्युटंटांच्या, म्हणजे एक्स-मेनसारख्या जन्मजात शक्ती असलेल्यांच्या देशात समारंभ चालू असताना एक महाकाय यंत्र हल्ला करते, डोळ्यांदेखत माणसे मरतात आणि एक्स-मेनपैकी गॅम्बिट स्वतःचा जीव देऊन ते यंत्र नष्ट करतो. तो संहार समजायला कोणतीही पूर्वपीठिका लागत नाही. मुख्य प्रवाहातल्या ॲनिमेशनने एवढे धाडस क्वचितच केले आहे. तरीही त्या भागापर्यंत पोहोचायला आधीचे चार भाग पार करावे लागतात. म्हणून ही मालिका मला उत्कृष्ट उत्तरार्ध वाटते, नवा आरंभ नव्हे.

नवा आरंभ कसा असतो ते नेटफ्लिक्सवर २०१८ ते २०२० या काळात आलेल्या एनडी स्टीव्हनसन यांच्या ‘शी-रा’मध्ये दिसते. १९८५च्या मालिकेत अडोरा, म्हणजे पुढे शी-रा होणारी मुलगी, शत्रूच्या फौजेत होती ती जादूच्या अमलाखाली. अमल उतरताच ती बाजू बदलते आणि तो विषय मिटतो. स्टीव्हनसन यांनी नेमकी तीच जागा उकरली. आता अडोरा आपल्या फौजेने उद्ध्वस्त केलेले गाव पाहून स्वतःच्या निर्णयाने बाहेर पडते आणि मागे राहते कॅट्रा, तिच्यासोबत वाढलेली जिवाभावाची मैत्रीण. एका भागात दोघी जुन्या अवशेषांत बालपणीची दृश्ये पुन्हा पाहतात. एकमेकींना सांभाळण्याचे वचनही त्यात असते. अखेरीस अडोरा कड्यावर लोंबकळत असते आणि कॅट्रा तिला वाचवायचे नाकारते. सोडून गेलेल्याचा राग आणि त्याची ओढ एकाच वेळी वाटणे हे दहा वर्षांच्या मुलालाही कळते, आणि ५२ भागांची मालिका त्याच ताणावर उभी आहे.

शी-राचे रूप बदलले, तिचे सौंदर्य हिरावले, अशी ओरड २०१८मध्ये झाली. मूळ कलाकृतीवरचे प्रेम मला खोटे वाटत नाही. पण ती जुनी आकृती बाहुल्यांच्या दुकानासाठी घडली होती. वयात येणाऱ्या मुलीच्या कथेला तिचे बंधन का असावे? उलट २०२१च्या ‘रेव्हलेशन’ने ही-मॅनचे जुने रूप जपले, पहिल्याच भागात त्याला मारले, आणि जुन्या चाहत्यांना दुखावूनही नवख्यांसाठी दार उघडले नाही.

आपल्याकडे दूरदर्शनवर ही-मॅन पाहिलेले अनेक जण आता आईबाप आहेत. त्यांनी या मालिका आपल्या मुलांना जरूर दाखवाव्यात, पण शेजारी बसून मागचे काही समजावून सांगू नये. मूल दुसरा भाग कशाचा मागते, त्यावरून पुनर्जन्म कोणासाठी ते ठरवावे.