शासनाचे उत्तर आणि उत्तराची पारख

शासनाकडे विनंतीअर्ज करण्याची प्रथा जुनी आहे; आंतरजालाने तीत मुख्यतः संख्येची भर घातली. ब्रिटनमध्ये २०१५ पासून चालू असलेल्या ई-याचिकांच्या पद्धतीत १०,००० स्वाक्षऱ्या जमल्या की शासन लेखी उत्तर देते, आणि १ लाख जमल्या की याचिका संसदेतील चर्चेसाठी विचारात घेतली जाते. उत्तराचा हक्क अशा रीतीने संख्येने मिळतो, ही गोष्ट सामान्य नव्हे. परंतु मिळालेले उत्तर विचारलेल्या प्रश्नाचेच आहे काय, याचा निर्णय संख्या करू शकत नाही.

२०१९ मधील याचिकेचेच उदाहरण घ्यावे. युरोपीय संघ सोडण्याची प्रक्रिया रद्द करावी, या मागणीवर ६० लाखांहून अधिक स्वाक्षऱ्या झाल्या. संघ सोडणे हीच लोकेच्छा होय, हा शासनाचा दावा याचिकेने नाकारला होता. उत्तरात शासनाने स्वाक्षऱ्यांची दखल घेतली. परंतु आधार घेतला तो २०१६ च्या सार्वमतातील १ कोटी ७४ लाख मतांचा. म्हणजे ज्या दाव्याविषयी वाद होता, तोच दावा पुराव्याच्या जागी आला. नकार गैर होता असे नव्हे. आंतरजालावरील स्वाक्षरी ही गुप्त मतदानाची बरोबरी करू शकत नाही. तथापि तीन वर्षांपूर्वीचा कौल आजही तितकाच बंधनकारक का मानावा, हा खरा प्रश्न होता. आणि संख्येला संख्येने दिलेल्या उत्तरात तो बाजूस पडला.

अमेरिकेत २०११ मध्ये व्हाइट हाऊसने सुरू केलेल्या याचिका-योजनेत हा दोष अधिक मूलगामी होता. उत्तरासाठी लागणाऱ्या स्वाक्षऱ्यांची मर्यादा ५,००० वरून २५,००० आणि २०१३ मध्ये १ लाखांवर नेली, ती उत्तर देणाऱ्यानेच. २०२१ मध्ये ती योजना संपली. मर्यादा ठरविणारा, उत्तर देणारा आणि ते पुरेसे आहे असे मानणारा एकच असेल, तर त्या योजनेस सौजन्य म्हणता येईल, उत्तरदायित्व म्हणता येणार नाही.

या दृष्टीने ब्रिटिश पद्धतीचे खरे वैशिष्ट्य स्वाक्षऱ्यांच्या मर्यादेत नसून कॉमन्स सभागृहाच्या याचिका समितीत आहे. शासनाचे उत्तर मागणीला धरून नसेल, तर ही समिती सुधारित उत्तर मागू शकते. तिला निर्णय बदलण्याचा अधिकार नाही. परंतु नकाराची कारणे मूळ प्रश्नाशी भिडली पाहिजेत, असा आग्रह ती धरू शकते. अशा योजनांचे मूल्यमापन करताना किती याचिकांना उत्तरे मिळाली, हे मोजणे सोपे आहे. अभ्यासकाने मात्र उत्तराची पारख कोणाच्या हाती आहे, हे प्रथम पाहावे.