सतरा कसोट्यांचा कांबळी

शिवाजी पार्कावर रमाकांत आचरेकरांच्या हाताखालीं तयार झालेल्या दोन शाळकरी मुलांनीं १९८८ सालीं हॅरिस शील्डच्या सामन्यांत ६६४ धावांची अभंग भागीदारी रचिली. त्या डावांत तेंडुलकराच्या धावा ३२६, विनोद कांबळीच्या ३४९. हा दुसरा आंकडा आमचे टीकाकार सहसा उच्चारीत नाहींत. कांबळीचें मोजमाप ते सदैव त्याच्या सोबत्याच्या मापानें करितात. (एकाच वर्गांतील दोन विद्यार्थी असे तोलण्याची खोड आम्हां अध्यापकांसही आहेच.) तें माप क्षणभर बाजूस ठेवावें. १९९३ सालीं मुंबईस इंग्लंडविरुद्ध २२४, पाठोपाठ दिल्लीस झिंबाब्वेविरुद्ध २२७. पहिल्या १००० धावा अवघ्या १४ डावांत, आणि याहून थोड्या डावांत त्या कोणाही भारतीयास साधलेल्या नाहींत! १९९४ सालीं वेस्ट इंडीजच्या आंखूड चेंडूंपुढें तो गडबडला, हें खरें. तो त्याच्या फलंदाजींतील दोष. त्याची चिकित्सा अवश्य व्हावी. परंतु चर्चा होते ती त्याच्या कानांतील बाळ्यांची! १९९५ सालीं तो शेवटची कसोटी खेळला, तेव्हां वय २३, सरासरी ५४.२०. अशा फलंदाजास अठरावी कसोटी कां मिळूं नये, हें आम्हांस अद्याप कोणीं पटवून दिलेलें नाहीं.