लेखक व व्याकरण

उत्तम लेखनासाठी व्याकरणाच्या नियमांचे रीतसर अध्ययन आवश्यक आहे काय, हा साहित्यविचारातील एक जुना प्रश्न आहे. त्याला परस्परविरुद्ध उत्तरे मिळतात, याचे मुख्य कारण ‘व्याकरण’ हा शब्द दोन भिन्न अर्थांनी वापरला जातो, हे होय. भाषा बोलणाऱ्याच्या अंगवळणी पडलेली, पण त्याला बहुधा विशद करून सांगता न येणारी नियमबद्धता हा एक अर्थ. त्या नियमबद्धतेचे शास्त्रकाराने केलेले वर्णन हा दुसरा. पहिल्या अर्थाच्या व्याकरणावाचून कोणालाही एक वाक्यसुद्धा रचता येणार नाही. वाद आहे तो दुसऱ्याविषयी.

हा भेद प्राचीन वैयाकरणांच्या ध्यानात आलेला होता. पतंजलीच्या महाभाष्यात (इ. स. पू. सु. दुसरे शतक) असे म्हटले आहे, की ज्याला घट हवा असतो तो कुंभाराच्या घरी जाऊन घट करून मागतो, परंतु शब्द वापरू इच्छिणारा कोणी वैयाकरणाच्या घरी जाऊन शब्द करून मागत नाही. त्याच ग्रंथात एक वैयाकरण आणि एक सारथी यांचा संवाद आला आहे. रथ हाकणारा या अर्थी सारथ्याने योजलेले ‘प्राजिता’ हे रूप वैयाकरण अपशब्द ठरवितो. तेव्हा, तुम्हांला नियम ठाऊक आहे, पण इष्ट प्रयोग ठाऊक नाही, असे सारथी त्याला सुनावतो. व्याकरणशास्त्राच्या सर्वांत अधिकारी ग्रंथाने ही गोष्ट वैयाकरणाच्या विरुद्ध सांगावी, हे लक्षणीय आहे.

संस्कृत साहित्यशास्त्राने मात्र कवीला व्याकरणातून मोकळीक दिली नाही. भामहाने आपल्या काव्यालंकाराच्या अखेरच्या परिच्छेदात शब्दशुद्धीचा विचार केला. मम्मटाने व्याकरणदुष्ट प्रयोगाला ‘च्युतसंस्कृति’ या नावाने काव्यदोषांत स्थान दिले. संस्कृत ही बहुसंख्य कवींची घरची भाषा राहिली नव्हती, ती शिकूनच घ्यावी लागे, हे येथे विसरता कामा नये. तरीही कुमारसंभवात कालिदासाने वृत्तासाठी ‘त्र्यंबक’ याच्या जागी ‘त्रियंबक’ असे रूप योजले आहे. महाकवीच्या अशा प्रयोगांना आधार शोधण्यात टीकाकार कसूर करीत नाहीत. सामान्य कवी असता, तर त्याच रूपावरून त्याचे अज्ञान सिद्ध झाले असते.

मराठीचा इतिहास या प्रश्नाच्या दृष्टीने अधिक बोलका आहे. ज्ञानेश्वरी १२९० मध्ये सिद्ध झाली. मराठीचे पहिले छापील व्याकरण १७७८ मध्ये रोम येथे निघाले, तेही पोर्तुगीज भाषेत. विल्यम केरी याचे व्याकरण १८०५ मध्ये श्रीरामपूरला प्रसिद्ध झाले आणि दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे महाराष्ट्र भाषेचे व्याकरण १८३६ मध्ये. महानुभाव पंथातील भीष्माचार्यांचे पंचवार्तिक हे आद्य मराठी व्याकरण मानले जाते. पण तेही आधी अस्तित्वात असलेल्या सूत्रवचनांचा अर्थ लावण्यासाठी रचलेले आहे. म्हणजे नामदेव, एकनाथ, तुकाराम, रामदास यांची सारी रचना मराठीच्या पाठ्यव्याकरणाविना झाली. यांपैकी काहींना संस्कृत व्याकरणाचा परिचय होता, हे खरे. परंतु त्यातून मराठीची विभक्तिरूपे शिकता येत नाहीत.

याच्या उलट उदाहरण फादर टॉमस स्टीव्हन्स यांचे. इंग्लंडमध्ये जन्मलेल्या या जेझुइट धर्मोपदेशकाने गोव्यात राहून मराठी ओवीत ख्रिस्तपुराण (१६१६) रचले. त्याने लिहिलेले कोकणीचे व्याकरण त्याच्या मृत्यूनंतर, १६४० मध्ये, रायतूर येथे छापण्यात आले. परक्या भाषेत शिरणाऱ्याला नियमांची वाट धरावीच लागते. यावरून असे म्हणता येईल, की लेखकाची बोलण्याची भाषा आणि लिहिण्याची भाषा यांत जितके अंतर, तितकी व्याकरणाच्या अध्ययनाची गरज अधिक.

स्वभाषा बोलणाऱ्याचे ज्ञान किती सूक्ष्म असते, हे ‘तू भाकरी खाल्लीस’ या साध्या वाक्यावरून दिसते. यातील क्रियापद लिंग व वचन ‘भाकरी’कडून घेते, तर अंत्य ‘स’ हा प्रत्यय ‘तू’ या कर्त्याकडून. शालेय व्याकरणात या रचनेला कर्तृ-कर्मसंकर प्रयोग म्हणतात. प्रयोगांची व्यवस्था कशी लावावी, याविषयी मो. के. दामले यांच्या शास्त्रीय मराठी व्याकरणापासून (१९११) अरविंद मंगरूळकर व कृ. श्री. अर्जुनवाडकर यांच्यापर्यंत विद्वानांत चर्चा होत राहिली. वाक्य मात्र पाच वर्षांचे मूल बिनचूक बोलते. बोलींचीही हीच गोष्ट आहे. ‘आला होता’ याऐवजी ‘आलता’ म्हणणारा आलती, आलतं, आलते अशी सारी रूपे तितक्याच नियमाने चालवितो. त्याचे व्याकरण वेगळे आहे. ते नाहीच, असे नव्हे.

आधुनिक मराठी गद्यात या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे नाव लक्ष्मीबाई टिळक (१८६८–१९३६) यांचे होय. त्या कधी शाळेत गेल्या नाहीत. अक्षरओळख त्यांना विवाहानंतर, पती रेव्हरंड ना. वा. टिळक यांच्याकडून झाली. त्यांची स्मृतिचित्रे (चार भाग, १९३४–३६) हे मराठी आत्मचरित्रांतील श्रेष्ठ लेखन मानले जाते. त्यातील वाक्य सहसा आखूड असते, क्रियापदाशी येऊन नेमके थांबते आणि विनोदासाठी शब्द शोधत नाही. ही शिस्त पुस्तकी नाही, ती सांगणाऱ्याच्या कानाची आहे. मात्र त्या अशिक्षित प्रतिभेचा चमत्कार होत्या, असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. घरात कवीचा सहवास होता, कविता सतत कानांवर पडत होती आणि पतीचे अपुरे राहिलेले ख्रिस्तायन पूर्ण करण्याइतका छंदाचा सराव त्यांनी पुढे केला. नियमांचे पाठांतर नव्हते; शिक्षण होते.

व्याकरण जाणल्याने शैली शुष्क होते, हा समजही तितकाच निराधार आहे. कृष्णशास्त्री चिपळूणकर यांनी मराठी व्याकरणावर मार्मिक निबंध लिहिले आणि त्याच लेखणीने अरबी सुरस गोष्टींच्या भाषांतराचे ओघवते गद्यही लिहिले.

त्यांचे पुत्र विष्णुशास्त्री यांच्या निबंधमालेत (१८७४–८१) या प्रश्नाला निराळे वळण मिळाले. जोतीराव फुले यांच्या लेखनाचा समाचार घेताना विष्णुशास्त्र्यांनी त्यातील व्याकरणदोषांवर उपहासाचा भडिमार केला. फुल्यांची काही वाक्ये मध्येच दिशा सोडतात, लांबत जातात, हे नाकारण्याचे कारण नाही. पण शेतकऱ्याचा असूड (१८८३) यातील शेतकऱ्याच्या घरादाराचे वर्णन वाचताना वस्तूंमागून वस्तू नोंदवीत जाणारी ती लांबण हीच त्या गद्याची शक्ती असल्याचे प्रत्ययास येते. विष्णुशास्त्र्यांच्या स्वतःच्या वाक्यरचनेवर जॉन्सन व मेकॉले यांच्या इंग्रजी गद्याची दाट छाया होती. तिला कोणी अशुद्ध म्हटले नाही. व्याकरणाची चूक दाखविणे हे टीकाकाराचे कामच आहे. परंतु चूक दाखवून मूळ आरोपाला उत्तर दिल्याचा आभास निर्माण केला जातो, तेव्हा व्याकरण हे शास्त्र न राहता कोणी बोलावे व कोणी बोलू नये, हे ठरविण्याचे साधन बनते. प्रमाण मराठी एका विशिष्ट वर्गाच्या बोलीवर उभारली गेल्याने ही चाचणी सर्वांना सारखी पडत नाही. फुल्यांनंतरही ग्रामीण व दलित लेखकांना तिला तोंड द्यावे लागले. बहिणाबाई चौधरी यांच्यासारख्या निरक्षर कवयित्रीची गाणी इतरांनी टिपून ठेवली म्हणून त्यांच्या मृत्यूनंतर, १९५२ मध्ये, ग्रंथरूप झाली.

लेखकाला शास्त्र खरोखर उपयोगी पडते, ते लिहून झाल्यावर. ‘घरी जाऊन पाऊस लागला’ हे वाक्य कानाला ताबडतोब खटकते. पण ‘अधिकाऱ्यांनी कागदपत्रे तपासून अर्ज नामंजूर झाला’ असे वाक्य कचेरीच्या पत्रांतच नव्हे, तर प्रतिष्ठित ग्रंथांतही निसटून जाते. तपासणारे अधिकारी आणि नामंजूर होणारा अर्ज यांच्यामध्ये शब्द जितके वाढतात, तितका कान फसतो. ‘ऊन’ प्रत्ययान्त धातुसाधिताचा व मुख्य क्रियापदाचा कर्ता सामान्यतः एकच असावा लागतो, हा नियम ठाऊक असलेला लेखक आपली चूक हुडकून काढतो. नसलेल्याला काहीतरी बिघडले आहे एवढेच जाणवते, किंवा तेवढेही जाणवत नाही. ‘त्याने भावाला त्याच्या घरी पाठविले’ यातील घर कोणाचे, हा घोटाळाही याच जातीचा आहे.

शुद्धलेखन म्हणजेच व्याकरण, अशी समजूत सर्वत्र आढळते. वस्तुतः ते लेखनाचे संकेत होत. मराठी साहित्य महामंडळाने केलेले चौदा नियम १९६२ मध्ये शासनमान्य झाले आणि १९७२ मध्ये त्यांत चारांची भर पडली. त्यांनी ‘नाहीं’, ‘घरांत’ यांवरील अनुच्चारित अनुस्वार काढून टाकले. हरिभाऊ आपट्यांच्या कादंबऱ्या पुढे त्या अनुस्वारांवाचून छापल्या गेल्या, म्हणून त्यांच्या शैलीत काही उणे झाले नाही. पात्रांच्या तोंडी ‘असं केलं’ अशी रूपे घालण्याची मुभाही या नियमांत आहे. त्यांतील आणखी एका नियमानुसार केशवसुतपूर्व पद्य आणि विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पूर्वीचे गद्य मुळाप्रमाणे छापावयाचे असते. नंतरच्या लेखनाला प्रचलित नियम लावावयाचे असतात. निबंधमालेचा आरंभ ही सीमा धरली, तर फुल्यांची गुलामगिरी (१८७३) एका वर्षाने अलीकडे राहून जशीच्या तशी छापण्यास पात्र ठरते आणि शेतकऱ्याचा असूड सुधारून घेण्याच्या बाजूला जातो.