'कोर्ट'मधली माणसं कुठून आणली?

चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' २०१४ साली व्हेनिसला गेला, तिथून दोन बक्षिसं घेऊन आला. त्या सालचा देशातला उत्कृष्ट चित्रपट ठरला, २०१५च्या एप्रिलात थेटरात लागला आणि त्याच वर्षी ऑस्करला आपल्या देशाची एंट्री म्हणून गेला. हे सगळं पेपरात आलं. आमच्या गावात मात्र तो लागलाच नाही. मी तो फार पुढं पाहिला, दुसरी पाळी सुटल्यावर, एका दोस्ताच्या खोलीवर, चार टाळकी जमवून. एकजण अर्ध्यात घोरायला लागला. दुसरा म्हणाला, ह्यात काय पिच्चर हाय, आपण तारखेला जातो तसंच तर हाय सगळं. मला वाटतं 'कोर्ट'वर याहून नेमकं कुणी बोललेलं नाही.

परीक्षणं मी नंतर मिळतील तशी वाचली. त्यात एक शब्द पुन्हा पुन्हा येतो: नैसर्गिक. चित्रपटातले बरेच लोक नट नाहीत, म्हणून ते 'नैसर्गिक' वाटतात. ते अभिनय करतच नाहीत, नुसते असतात. कौतुकानं लिहिलंय सगळ्यांनी. माझं भांडण या कौतुकाशीच आहे.

मी सूतगिरणीत रिंगफ्रेमवर असतो. आमच्या खात्यात तुटलेला धागा सांधणाऱ्या बाया आहेत. चालत्या साच्यावर, चाती फिरत असताना, डोळ्याचं पातं लवायच्या आत त्या धागा जोडतात. बाहेरचे पाहुणे आले की साहेब त्यांना सांगतो, बायकांचे हात मुळातच हलके असतात. म्हणजे ते कसब नव्हे, निसर्ग आहे. आणि निसर्गाला कुशल कामगाराचा पगार कोण देतो? आपला माणूस पडद्यावर उभा राहिला की समीक्षक हेच बोलतो. नटानं केलं तर साधना, आपण केलं तर जन्मजात.

तर ही माणसं कोण, ते आधी बघू. लोकशाहीर नारायण कांबळेचं काम करणारे वीरा साथीदार नागपूरचे. आंबेडकरी चळवळीतले, 'विद्रोही' मासिकाचे संपादक. सिनेमा हा त्यांचा धंदा नव्हता. चित्रपटात कांबळेवर खटला भरलाय तो असा, की त्याचं गाणं ऐकून गटारात उतरणाऱ्या वासुदेव पवार नावाच्या कामगारानं जीव दिला. आत्महत्येला प्रवृत्त केलं, तेव्हाच्या दंड संहितेचं कलम ३०६. साथीदारांनी हा कांबळे कसा उभा केलाय ते नीट बघा. पिंजऱ्यात ते ओरडत नाहीत. डोळे वटारत नाहीत. विचारलं तेवढंच सांगतात आणि गप्प होतात. हिंदी पिक्चरमधला क्रांतिकारक एव्हाना जज्जाला पानभर भाषण देऊन मोकळा झाला असता. चळवळीतला माणूस मात्र जाणतो, की पोलिसापुढं आणि जज्जापुढं जादा शब्द म्हणजे जादा कलम. हे तोंड बंद ठेवणं कॅमेऱ्यापुढं जमवायचं, टेकमागून टेक जमवायचं, याला काय नुसतं 'असणं' म्हणायचं?

आणि हाच माणूस स्टेजवर चढतो तेव्हा बघा. तिथं अंग वेगळं, आवाज वेगळा. गाणी संभाजी भगतांची. शब्द त्यांचे, चालही त्यांची. ताम्हाण्यांनी इथं एक शहाणपणा केला. शाहिरी गाणं लिहायला त्यांनी सिनेमातला गीतकार बोलावला नाही, ज्याचं आयुष्य डफावर गेलं त्यालाच बोलावलं. मृणाल देसाईंचा कॅमेरा गाण्याच्या वेळी नाचत नाही, लांब उभा राहतो. स्टेज दिसतं, बॅनर दिसतं, खुर्च्यांवर बसलेली माणसं दिसतात. शाहिराला पोलीस उचलायला येतात तेसुद्धा तसंच लांबून. आमचे कार्यक्रम असेच दिसतात हो, मागच्या रांगेतून.

आता उषा बाणे. मेलेल्या गटारकामगाराच्या बायकोचं काम त्यांनी केलंय. त्या स्वतःही खरोखरच गटारकामगाराची विधवा. चित्रपटात ती साक्षीला येते. कोरड्या आवाजात सांगते: नवरा उतरायच्या आधी दारू प्यायचा, त्याशिवाय त्या घाणीत जाता येत नसे. आत खडा टाकायचा, झुरळं बाहेर आली तर हवा आहे असं समजायचं. घाणीच्या वायूनं एक डोळा गेला होता. बस्स. पदर डोळ्याला नाही, मागं सारंगी नाही. आत्महत्येची सगळी कथा त्या दोन मिनिटांत कोसळते, कारण मरायलाच निघालेला माणूस झुरळं कशाला बघेल?

त्या साक्षीचं नैसर्गिक म्हणून कौतुक करणाऱ्याला मला विचारायचंय: बाबा, तुझ्या घरातलं मरण तू परक्या माणसांपुढं, दिवे लावून, पुन्हा पुन्हा, आवाज न चढवता सांगून दाखव. गिरणीत बदली कामगार असतो, दुसऱ्याच्या साच्यावर उभा राहणारा. नट म्हणजे एका अर्थी बदलीच, दुसऱ्याच्या जिण्यावर तात्पुरता उभा. त्यात कमीपणा नाही, बदलीवालाही घामच गाळतो. पण उषा बाणे बदलीवर नव्हत्या. त्या आपल्याच साच्यावर उभ्या होत्या, आणि ते सोपं असतं असं ज्याला वाटतं त्यानं कधी स्वतःचं दुःख मोजून मापून मांडलेलं नाही.

गटारातली मरणं ही काही पटकथेची हुशारी नव्हे. 'कोर्ट' व्हेनिसला गेला त्याच वर्षी, २७ मार्च २०१४ला, सुप्रीम कोर्टानं सांगितलं की १९९३ पासून गटारात मेलेल्या प्रत्येकाच्या घरच्यांना १० लाख द्या. हातानं मैला साफ करवून घेण्यावर बंदीचा कायदा आदल्याच वर्षी, २०१३ साली झालेला. पुढं २०२३च्या ऑक्टोबरात त्याच कोर्टानं रक्कम ३० लाख केली. मरणाचा भाव वाढला. उतरणं बंद झालं नाही.

बाकीच्या मंडळीत काहीजण पेशानं नट. विवेक गोंबर बचावाचे वकील झालेत आणि चित्रपटाचे निर्मातेही तेच. पैसा लावणारा माणूस स्वतः आरोपीच्या बाजूला उभा राहतो, आणि स्वतःला हिरो करून घेत नाही, हे मला आवडलं. त्यांचा वकील मनानं भला आहे, पण मोठ्या दुकानात वाईन आणि चीज घेणारा. शाहिराची मराठी त्याला धड येत नाही. गीतांजली कुलकर्णींची सरकारी वकील तर अस्सल. कोर्टात शाहिराला वीस वर्षं आत टाका म्हणते, आणि संध्याकाळी पोराला घेऊन घरी जाते, स्वैपाक करते, घरच्यांबरोबर परप्रांतीयाला हाकलणारं मराठी नाटक बघून हसते. ती दुष्ट नाही. दुष्ट असती तर आपली सुटका लवकर झाली असती.

आता माझी तक्रार. कॅमेरा बचावाच्या वकिलाच्या घरी जातो, सरकारी वकिलाच्या घरी जातो, शेवटी जज्जाबरोबर सहलीलाही जातो. कांबळे सुरुवातीला पोरांची शिकवणी घेताना दिसतो तेवढाच. नंतर तो रात्री काय खातो, जामीन मिळाल्यावर कुणाच्या दारात उभा राहतो, काही कळत नाही. विधवेला वकील गाडीतून सोडतो, ती पैसे घेत नाही, काम मागते, उतरते, आणि चित्रपट वकिलाबरोबर पुढं जातो. ती गल्लीत शिरते तिच्या मागं कुणी नाही.

आमच्यातले काही म्हणतात, हा लबाडपणा आहे, आपली माणसं वापरली आणि आपलं घर वगळलं. मला तसं वाटत नाही. ताम्हाण्यांची जात मी विचारत नाही, त्यांची जागा विचारतो. त्यांनी कॅमेरा कोर्टातल्या मागच्या बाकावर ठेवलाय, जिथं आरोपीचे नातेवाईक बसतात. बापाच्या ग्रॅच्युइटीसाठी मी त्या बाकावर किती तारखा काढल्यात. तिथून वकिलांची पाठ, जज्जाचं डोकं आणि पंखा दिसतो. ताम्हाण्यांना तिथून दिसलं तेवढंच त्यांनी दाखवलं. दिसलं नाही ते दिसल्याचा आव आणला नाही. इमान राखलं म्हणा. पण इमानाला जिथं कुंपण पडतं तिथं आपलं घर सुरू होतं, आणि त्या घरातला चित्रपट 'कोर्ट' नाही, हेही तितकंच खरं.

ते घर बघायचं तर नागराज मंजुळेचा 'फँड्री' बघावा, २०१३चा. तिथं डुकरामागं पळणारं घर आतून दिसतं. बाप झालाय किशोर कदम, म्हणजे कवी सौमित्र, पोरगा सोमनाथ अवघडे. दिग्दर्शक स्वतः चंक्या होऊन गावात फिरतो. शेवटचा दगड आपल्या अंगावर येतो. 'कोर्ट'मध्ये दगड नाही. तिथं शेवटी जज्ज बाकड्यावर डुलक्या घेतो, पोरं त्याला दचकवतात आणि हाताशी सापडलेल्या एका पोराला तो थोबाडीत देतो. दोन्ही खरे. पण दगड मारायला आतला हात लागतो.

बक्षिसाचं मात्र बोललं पाहिजे. राष्ट्रीय पुरस्कारात उत्कृष्ट चित्रपटाचं सुवर्णकमळ निर्मात्याला आणि दिग्दर्शकाला मिळतं, नियमच तसा. त्यांनी ते कमावलंय. पण साथीदार, भगत, बाणे ही तीन माणसं काढा आणि मग 'कोर्ट' बघा. उरते ती उत्तम मांडलेली खाली खुर्च्यांची खोली.

वीरा साथीदार १३ एप्रिल २०२१ला नागपुरात करोनानं गेले. भीमजयंतीच्या आदल्या दिवशी. चित्रपटातला कांबळे जामिनावर सुटतो, पुस्तिका छापायला लागतो, आणि छापखान्यातूनच त्याला पुन्हा उचलतात, या वेळी यूएपीएखाली. ते दृश्य वीरा गेल्यावर चार वर्षांनी नागपुरात जवळजवळ पुन्हा घडलं. १३ मे २०२५ला त्यांच्या स्मृतीसाठी सभा भरली. तिथं फैजचं 'हम देखेंगे' गायलं गेलं. तक्रार झाली. पोलिसांनी गुन्हा नोंदवला, नव्या न्याय संहितेचं कलम १५२ लावलं, म्हणजे देशाच्या सार्वभौमत्वाला धोका. ताम्हाण्यांनी पटकथेत हे घातलं असतं तर परीक्षणवाले म्हणाले असते, इथं जरा अतीच झालं, नैसर्गिक वाटत नाही.