कवच म्हणायचं की राखण? फिरत्या क्षेपणास्त्रांवरच्या मराठी लिखाणाबद्दल

७ मे २०२५ला देशभर नागरी संरक्षणाची रंगीत तालीम ठरली, तेव्हा महाराष्ट्रातल्या ठिकाणांच्या यादीत आपलं भुसावळ होतं. का होतं, हे जळगावकरांना सांगायला नको. रेल्वेचं जंक्शन, दीपनगरचं वीज केंद्र, ऑर्डनन्स फॅक्टरी, आणि बारा-तेरा किलोमीटरवर वरणगावची दुसरी फॅक्टरी. त्याच दिवशी पहाटे ऑपरेशन सिंदूर झालं, आणि पुढचे कित्येक दिवस मराठी वर्तमानपत्रं, वाहिन्या आणि मोबाईलवरचे व्हिडिओ हवाई संरक्षणाने भरून गेले. आज आम्ही बोलणार आहोत ते या लिखाणाबद्दल. पण हत्यार कसं चालतं हे माहीत असल्याशिवाय त्यावरचं लिखाण तपासता येत नाही, म्हणून अधूनमधून तिकडेही जावं लागेल.

या सगळ्या लिखाणाचा लाडका शब्द ‘कवच’. त्यातही ‘अभेद्य कवच’. आमची पहिली तक्रार या शब्दाशी आहे. कवच अंगावर असतं. ते घातलं की माणूस सगळीकडून झाकला जातो आणि त्याला स्वतःला काही करावं लागत नाही. (ज्यांनी हा शब्द रूढ केला, त्यांना कर्णाच्या कवचाचं पुढे काय झालं ते आठवत नसावं.) आता फिरतं, कमी पल्ल्याचं क्षेपणास्त्र घ्या. ओसा-एकेएम ही रशियन बनावटीची यंत्रणा आपल्या लष्कराकडे आहे. सहा चाकांची गाडी, तिच्यावरच रडार, तिच्यावरच क्षेपणास्त्रं. पल्ला सुमारे दहा किलोमीटर. म्हणजे ही गाडी भुसावळ स्टेशनपाशी उभी केली, तर वरणगावची फॅक्टरी तिच्या माऱ्याबाहेर राहते. डीआरडीओच्या क्यूआरसॅमचा पल्ला तीसेक किलोमीटर सांगतात. ती जळगावात ठेवली तर भुसावळ आवाक्यात येतं. धुळं येत नाही, ते ऐंशी किलोमीटरच्या पुढे आहे. आणि हा पल्लाही कागदावरचा. विमान किती उंचावरून येतंय, किती वेगात, तिरकं जातंय की सरळ अंगावर येतंय, त्याप्रमाणे तो आक्रसतो. नकाशावर कंपासने एक वर्तुळ काढायला पाच मिनिटं लागतात. एकाही मराठी बातमीत आम्हाला ते वर्तुळ दिसलं नाही.

दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. ही हत्यारं कोणासाठी बनली? सप्टेंबर २०२२मध्ये चांदीपूरला क्यूआरसॅमच्या सहा चाचण्या लष्कराच्या सोबतीने झाल्या. तेव्हाचं सरकारी पत्रक आम्ही पुन्हा वाचलं. ते स्वच्छ सांगतं, की ही यंत्रणा लष्कराच्या पुढे सरकणाऱ्या रणगाड्यांच्या तुकड्यांना संरक्षण देण्यासाठी आहे. चालता चालता शोधायचं, चालता चालता पाठलाग करायचा आणि क्षणभर थांबून डागायचं. आता हे मराठीत येताना काय झालं? ‘रणगाड्यांच्या तुकड्या’ गळाल्या, तिथे ‘देश’ आला. ‘क्षणभर थांबून’ गळालं, तिथे ‘धावत्या गाडीतून मारा’ आला. पत्रकाला दोष देता येणार नाही. ते कोरडं आहे, पण खरं बोलतं. घोळ झाला तो आपल्या टेबलावर.

‘क्षणभर थांबून’ हे दोन शब्द काय मोठेसे, असं कोणी म्हणेल. पण फिरत्या यंत्रणेचं सगळं मर्म तिथेच आहे. आपल्या लष्कराकडे तुंगुस्का आहे, एकाच गाडीवर तोफाही आणि क्षेपणास्त्रंही. तिच्या तोफा चालत्या गाडीवरून चालतात. क्षेपणास्त्र डागायचं तर गाडी थांबवावी लागते, कारण नेमबाजाला दुर्बिणीतून लक्ष्य धरून ठेवावं लागतं, क्षेपणास्त्र पोचेपर्यंत. आणि थांबलेली गाडी सापडते. म्हणून डागायचं आणि जागा सोडायची. ज्यांनी जागा सोडली नाही त्यांचं काय झालं, ते जून १९८२मध्ये लेबनॉनच्या बेका खोऱ्यात दिसलं. सीरियाच्या तिथल्या बॅटऱ्यांत पट्ट्यांवर चालणाऱ्या गाड्या होत्या, पण कितीतरी दिवस त्या ठाण मांडून बसलेल्या. इस्राएलने एका दुपारी १९पैकी बहुतेक बॅटऱ्या उडवल्या.

उलटं उदाहरण १९७३चं आहे. सुएझ ओलांडलेल्या इजिप्तच्या फौजेने पहिला आठवडा इस्राएली विमानांना जेरीस आणलं, कारण मागे क्षेपणास्त्रांची दाट छत्री होती. १४ ऑक्टोबरला रणगाडे त्या छत्रीबाहेर पुढे गेले आणि एका दिवसात सुमारे २५० गमावून बसले. विमानं तर होतीच, समोर दबा धरून बसलेले रणगाडेही होते. पण छत्री मागे राहिली हे खरं. फौजेबरोबर चालू शकेल अशी छत्री हवी, ही गरज तिथे साऱ्या जगाला दिसली.

आता हे भुसावळला लावून बघा. रणगाड्यांबरोबर चालणारी यंत्रणा रणगाड्यांबरोबर जाणार. ती जंक्शनवर राहणार नाही. शहरं, धरणं, वीज केंद्रं यांच्यासाठी वेगळी व्यवस्था असते, बरीचशी हवाई दलाची, आणि कुठे काय ठेवलंय हे जाहीर होत नसतं, होऊही नये. पण ‘अभेद्य कवच’ ऐकलेला माणूस भोंगा वाजल्यावर काय करतो? गच्चीवर जातो, मोबाईल काढतो. दिवे घालवा म्हटलं तर हसतो. आमचा राग आहे तो इथे. शब्द चुकला तर माणूस भोंग्याखाली चुकीच्या जागी उभा राहतो.

मग शब्द कोणता? आपल्याकडे ‘राखण’ आहे. ज्वारी हुरड्यावर आली की शेतात माळा घालतात, वर गोफण घेऊन राखणदार. गोफणीचा पल्ला ठरलेला, गुंडे मोजके, आणि राखणदाराला झोप येते. एका कोपऱ्यातली पाखरं उठवली की दुसऱ्या कोपऱ्यात बसतात. राखण म्हटलं की ऐकणारा आपोआप विचारतो: किती जण आहेत? गुंडे पुरतील का?

गुंड्यांचाच प्रश्न मे २०२५मध्ये आला होता. ८ मेच्या रात्री पाकिस्तानने ३००-४०० ड्रोन ३६ ठिकाणी पाठवल्याचं सरकारने सांगितलं. स्वस्त ड्रोनवर महागडं क्षेपणास्त्र किती वेळा टाकणार? ‘आकाश’ होतंच, पण त्या दिवसांत एल-७०, झेडयू-२३, शिल्का या तोफाही कामाला आल्या. एल-७० तर १९६०च्या दशकापासूनची. मराठी लिखाणात या तोफांना एखादी ओळ, आणि बाकी पानभर क्षेपणास्त्र. तोफ जुनी, तिचा फोटो चांगला येत नाही, एवढंच कारण असावं.

खान्देशाचं जे खरोखर आहे, तेही असंच बाजूला पडतं. वरणगावला बंदुकीच्या गोळ्या होतात. भुसावळला दारूगोळ्याच्या पेट्या आणि पिनाका रॉकेटचे पॉड. आकाश क्षेपणास्त्र हैदराबादेत तयार होतं. १ ऑक्टोबर २०२१ला ऑर्डनन्स फॅक्टऱ्यांच्या सात कंपन्या झाल्या, तेव्हा शेजारच्या या दोन फॅक्टऱ्या दोन वेगळ्या कंपन्यांत गेल्या; वरणगाव म्युनिशन्स इंडियात, भुसावळ यंत्र इंडियात. पेटी नीट नसेल तर आतला माल दमट होतो आणि ऐन वेळी दगा देतो. पेटीवर, गोळीवर, साठ्यावर मराठीत कोणी लिहावं, तर ते जळगावच्या वार्ताहराने. ती माणसं त्याच्या गल्लीत राहतात, आणि गुपित न फोडताही त्यांच्या कामाबद्दल खूप लिहिता येतं.

पुढच्या तालमीच्या वेळी भुसावळच्या पानावर दोनच गोष्टी छापा: भोंग्याच्या कोणत्या आवाजाचा काय अर्थ, आणि घरातल्या कोणत्या भिंतीशी बसायचं. जागा उरली तर क्षेपणास्त्राचा फोटो. आता प्रश्न घेऊ या.